लहानूजींची पाच फुले

दिनांक १२ नोव्हेंबर १९८६, बुधवार. रक्कम तीन रुपये पंचाहत्तर पैसे. शेवंतीच्या पुष्परचना स्पर्धेचे प्रवेश-शुल्क म्हणून ही रक्कम लहानू मेश्राम यांनी माझ्याकडे भरली. नोट पाच रुपयांची होती आणि माझ्याजवळ सुटे नव्हते, म्हणून सव्वा रुपया माझ्याकडे राहिला. मी तशी पावतीच्या मागे नोंद केली.

जबलपूरला आमच्या कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये पुष्पप्रेमी मंडळ होते. सभासद चौसष्ट. मी हिशेब विभागात, शिक्षण बी. कॉम., म्हणून खजिनदारी माझ्याकडे आली आणि खजिनदाराचे अक्षर चांगले म्हणून नियमावलीही माझ्याकडे आली. एकूण तेरा नियम होते. त्यांपैकी पाच केवळ लहानूजींमुळे करावे लागले, हे मी आज कोणताही राग न ठेवता सांगतो.

लहानूजी फाउंड्रीत मोल्डर होते. भंडारा जिल्ह्यातून सन पन्नासच्या आसपास मामाबरोबर आले, मजूर म्हणून लागले आणि वाळूचे साचे करता करता पस्तीस वर्षे काढली. बुटके, काळेसावळे, बोलणे हळू. क्वार्टर साठ नंबरचे, मागे चार खाटा मावतील एवढे अंगण आणि त्या अंगणात शेवंतीच्या नव्वद कुंड्या. मोठ्या शेवंतीला एका फांदीवर एकच कळी ठेवायची असते, बाजूच्या सगळ्या खुडायच्या. मग एकेक फूल ताटलीएवढे होते. हे काम ते पहाटे पाळीवर जाण्याआधी करीत. माझ्या घरी पंधरा कुंड्या होत्या. त्यांना खत, पाणी, औषध सगळे मी तारखेनुसार देत असे. फुले लिंबाएवढी येत.

पहिल्या वर्षी लहानूजींनी फुले लोखंडी घमेल्यात मांडली. तेच सिमेंट वाहायचे घमेले. बाकी सगळ्यांची चिनी मातीची भांडी, मधे हे. मी परीक्षकांच्या आधी त्यांच्याकडे गेलो आणि म्हणालो, "लहानूजी, हे काय आणलंत?"

"घमेलं होय, साहेब."

"ते दिसतंय. पण काहून?"

"पिवळं फूल काळ्यावर उठून दिसते."

त्यांना दुसरा क्रमांक मिळाला. पुढच्या वर्षासाठी मी नियम केला, की भांड्याला सिमेंटचा डाग नसावा. मग ते स्वयंपाकघरातला, पाणी भरायचा पितळी गुंड घेऊन आले. फुले उभी राहावीत म्हणून लोक शिशाची, खिळे लावलेली चकती वापरतात. तिला आम्ही पिनहोल्डर म्हणतो. लहानूजी ती वापरीत नसत. तिलवाऱ्याहून नदीची वाळू आणून, चाळून, ओली करून भांड्यात ठोकून भरीत आणि तिच्यात देठ रोवीत. वाळू पांढऱ्या टेबलक्लॉथवर सांडे. टेबलक्लॉथ मंडळाचे, धुलाई मंडळाची. वाळू सांडता कामा नये, असाही नियम झाला. त्या नियमाच्या वर्षी ते पहिले आले. त्याच्या पुढच्या वर्षीही पहिले आले.

इथे ढालीविषयी सांगायला हवे. मंडळाची शिसवी लाकडाची फिरती ढाल होती. दर वर्षी पहिल्या येणाऱ्याचे नाव चांदीच्या पट्टीवर कोरायचे, ढाल वर्षभर त्याच्या घरी राहायची आणि मग परत करायची. पण लागोपाठ तीन वर्षे पहिला आला, तर ढाल कायमची त्याची. बावीस वर्षांत हे कोणाला जमले नव्हते. लहानूजींचे १९८४ आणि १९८५ झाले होते. आणि १९८६ हे त्यांचे शेवटचे वर्ष होते, कारण ३१ जानेवारीला ते निवृत्त होणार, क्वार्टर सोडावे लागणार, आणि मंडळाचे सभासदत्व क्वार्टरवाल्यांनाच असे. मुलाने शहरातल्याच गोरखपूर भागात दोन खोल्या घेतल्या होत्या. अंगण नव्हते. नव्वद कुंड्यांपैकी एकही तिकडे जाणार नव्हती.

त्यांच्या पत्नी कलावतीबाई मला रेशनच्या रांगेत म्हणाल्या, "साहेब, यायनं तिकडच्या भिंतीत खिळा ठोकून ठेवला. अजून घरात गॅस नाही आला, पण ढालीचा खिळा तयार हाय."

"मिळेल ना ढाल," मी म्हणालो.

"मिळन तं मिळन. नाही मिळाली तं मी पिशवी टांगीन. खिळा वाया नाही जात."

दर वर्षी स्पर्धा नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी असे. त्या वर्षी तो तीस तारखेला येत होता. पण बक्षिसे ज्यांच्या हस्ते द्यायची, त्या बड्या साहेबांच्या पत्नीला त्या दिवशी लग्नाला जायचे होते. समितीने तारीख बदलायचे काम माझ्यावर टाकले. मी डायरी उघडली. पुढचा रविवार सात डिसेंबर, हॉल मोकळा, खुर्चीवाला मोकळा. सहा तारखेच्या पानावर माझ्याकडे फक्त दुधाचा हिशेब होता. मी सात तारीख टाकली आणि पत्रक सायक्लोस्टाइल करून घरोघर पाठवले.

बारा नोव्हेंबरला लहानूजी शुल्क भरायला आले, तेव्हा पत्रक हातात होते. "सात तारीख काहून केली, साहेब?"

मी कारण सांगितले. वर असेही म्हणालो, की तुमच्या फुलांना आठ दिवस जास्त मिळतात, आणखी मोठी होतील.

त्यांनी पत्रकाची घडी करून खिशात ठेवली. "अच्छा," म्हणाले. "चलो." आणि पाचाची नोट काढली.

हे "अच्छा" मी नीट ऐकले असते, तर पुढचे काही झाले नसते. पण माणसाने आक्षेप घ्यायचा तर तो शब्दांत घ्यावा, लेखी असला तर उत्तम. "अच्छा" ही काय आक्षेपाची रीत झाली?

पाच डिसेंबरला संध्याकाळी ऑफिसातून परतताना मी साठ नंबरवरून गेलो. कुंपणाच्या आत लहानूजी कात्री घेऊन फुले कापत होते. दहा-बारा नव्हे. बादल्या भरल्या होत्या. पांढरी, पिवळी, मातकट लाल, ताटल्यांएवढी. मी सायकल कुंपणालाच टेकवली.

"लहानूजी! काय करता हे?"

"कापून राहिलो, साहेब."

"परवा स्पर्धा आहे!"

"होय ना. पण उद्या सहा तारीख हाय."

तेव्हा माझ्या ध्यानात आले. सहा डिसेंबर, बाबासाहेबांचा महापरिनिर्वाण दिन. लहानूजींच्या अंगणातली सगळी शेवंती दर वर्षी त्या दिवशी विहारात जात असे. हे सगळ्या क्वार्टर्सला माहीत होते. मलाही माहीत होते. त्यांच्या समाजाची माणसे पांढरे कपडे घालून सकाळी आमच्याच रस्त्याने जात, पुढे दोन सायकलींवर ही फुले असत, आणि मी बाल्कनीत चहा पीत ती पाहिलेली होती, चांगली सात-आठ वर्षे. नोव्हेंबरात स्पर्धा होई, लहानूजी तिच्यासाठी दहा फुले कापीत, बाकीची आठवडाभर झाडावर राहून सहा तारखेला जात. सगळे व्यवस्थित चालले होते. मी ते मोडले होते.

"मग तेव्हाच सांगायचं होतं," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता हे मान्य करतो. "तारीख बदलता आली असती!"

"पत्रक छापून झालं होतं तुमचं."

"पत्रक फाडता येतं! दुसरं छापता येतं! तुम्ही सांगितलं काहून नाही?"

"आता सहा तारीख सांगावं लागते का, साहेब?"

मी हिशेबावर आलो. "किती फुलं आहेत?"

"एकशे बेचाळीस."

"त्यातली बारा ठेवा. एकशे तीस न्या. कोणाला काय कळणार?"

त्यांनी कात्री खाली केली. "कोणती बारा ठेवू? चांगली ठेवली तं तिकडं उरलेली नेली असं होते. आणि खराब ठेवली तं तुमच्या टेबलावर त्यायचं काय करू?"

"मधली ठेवा!"

"मधलं ठेवून कोणी पहिलं येते का, साहेब?"

कलावतीबाई दारात तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "काहून डोकं लावता, साहेब? मी दुपारपासून सांगून राहिली. सासरे असेच होते. हे तं त्यायचे लहानूच."

मग मी असे काही बोललो, जे नियम लिहिणाऱ्याने बोलायला नको होते. फुले स्वतःच्या अंगणातलीच हवीत, हा नियम क्रमांक दोन. मी म्हणालो, उद्या दुपारी जवळच्या पनागरहून फुले आणा, तिकडच्या मळेवाल्यांकडे शेवंती असते, आणि मी काही प्रत्येक देठ तपासत बसत नाही.

लहानूजींनी मान हलवली. "पनागरची ओळखू येते. तिची मान बारीक असते." आणि पुढचे फूल कापले.

शनिवारी सकाळी मी बाल्कनीत चहा घेतला नाही. आतच बसलो.

रविवारी हॉलमध्ये त्यांची जागा अकरावी होती. ते येणार नाहीत असे मी धरून चाललो होतो, पण नऊला पाच मिनिटे असताना आले. बगलेत घासून स्वच्छ केलेले घमेले, हातात वाळूची पिशवी, मागे कलावतीबाई, त्यांच्या हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेले काहीतरी. एक तासाची मुदत सुरू झाली. त्या फडक्यात स्वयंपाकघराच्या मागच्या दोन कुंड्यांतली फुले होती. त्या कुंड्या कलावतीबाईंच्या. त्यांना भांड्यांचे पाणी मिळे, कळ्या कोणी खुडत नसे आणि लहानूजी त्यांना गवत म्हणत. रुपयाएवढी पिवळी फुले. विहारात ती नेली नव्हती, कारण तिथे नेण्यासारखी ती नव्हतीच.

आणि त्यांनी आणखी काय आणले होते? देठ. शुक्रवारी फुले कापल्यावर कुंड्यांत उरलेले, पानांसकट, शेंडा नसलेले हिरवे देठ. पंधरा-वीस. ते त्यांनी घमेल्यातल्या वाळूत उभे रोवले, कमीजास्त उंचीचे, माणसे उभी असावीत तसे. सगळ्यांचे शेंडे कापलेले. आणि अगदी खाली, बुंध्याशी, ती पिवळी फुले.

मी लांबून पाहत होतो. मला रचनेतले कळत नाही. पण त्या टेबलासमोर लोक थांबत होते, हे मी नोंदवतो.

परीक्षक एक निवृत्त प्राध्यापिका होत्या, शहरातल्या, हिंदी भाषिक. त्यांनी विचारले, "मेश्रामजी, यह क्या है? फूल कहाँ हैं?"

"बाकी के कल गए, मैडम," लहानूजी म्हणाले.

बाई बराच वेळ तिथे राहिल्या. मग त्यांनी माझ्या हातात कागद दिला. पहिला क्रमांक, टेबल अकरा. दुसरा, टेबल चार, विनीता बर्वे.

कागदावर खजिनदाराची सही लागत असे, आणि सहीपूर्वी नियमांची तपासणी. भांडे, ठीक. उंची, ठीक. नियम सहा, पूर्ण उमललेली किमान सात फुले. मी वाकून मोजली. पाच. पुन्हा मोजली. पानाआड बोट घालून पाहिले. पाच.

मी त्यांना बाजूला घेतले. "लहानूजी, पाचच आहेत."

"होय."

"सात लागतात!"

"माहीत हाय. सातच लावली होती."

"मग दोन कुठे गेली?"

त्यांनी खिशातून रुमाल काढला. दोन फुले त्यात होती. "सात ठेवली की गर्दी होत होती, साहेब. मी काढली."

"तुम्हाला नियम ठाऊक होता आणि तुम्ही काढली?"

"साच्याचं कसं असते," ते समजावणीच्या सुरात म्हणाले, जणू मीच काही चूक केली होती, "रिकामी जागा बिघडली की पूर्ण माल बिघडते. सात बसतच नव्हती."

"लावा ती दोन. आत्ता लावा. मी पाठ फिरवतो."

कलावतीबाईही म्हणाल्या, "लावा जी! माह्या कुंडीतली हायेत, मी सांगून राहिली ना!"

लहानूजींनी फुले हातात घेतली. टेबलाजवळ गेले. एक फूल डावीकडे धरून पाहिले, मग मागे. दोन-तीन मिनिटे तरी पाहिले असेल. मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो, म्हणून नक्की सांगता येत नाही. वळलो तेव्हा रुमाल परत खिशात होता.

"नाही बसत," ते म्हणाले.

मी कागदावर लिहिले, टेबल अकरा, नियम सहानुसार अपात्र. सही केली. बर्वेबाईंना ढाल मिळाली. त्यांची रचना नीटनेटकी होती, अकरा फुलांची, आणि त्यांना स्वतःलाच काही आनंद झालेला दिसला नाही.

लहानूजी ३१ जानेवारीला निवृत्त झाले आणि फेब्रुवारीत क्वार्टर सोडले. कुंड्या त्यांनी वाटून टाकल्या. सहा मला दिल्या. मी त्यांना खत, पाणी, औषध तारखेनुसार दिले. फुले लिंबाएवढी आली.

पुढच्या वार्षिक सभेत मी दोन दुरुस्त्या मांडल्या. एक, स्पर्धा नोव्हेंबरातच होईल, कोणाचे कुठेही लग्न असो. दोन, नियम सहामध्ये "सात" ऐवजी "पाच". दोन्ही मंजूर झाल्या. नियम मागच्या तारखेपासून लागू करता येत नाही, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. तरी मी एका रविवारी गोरखपूरला त्यांच्या घरी गेलो, दुरुस्तीची प्रत घेऊन. समोरच्या भिंतीतल्या खिळ्यावर भाजीची पिशवी होती.

लहानूजींनी चष्मा लावून प्रत वाचली. मला वाटले, निदान बरे म्हणतील.

"पाच काहून केली, साहेब?" ते म्हणाले. "कधी कधी तीनही पुरतात."

मी कपाळाला हात लावला. कलावतीबाई आतून हसल्या. मग मी खिशातून सव्वा रुपया काढून पुढे केला. त्यांनी हात मागे घेतला.

"राहू द्या. पुढच्या सालच्या फीत धरून घ्या."

"लहानूजी, तुम्ही आता सभासद नाही. पुढच्या सालची फी मी तुमच्याकडून घेऊ शकत नाही."

"अच्छा," ते म्हणाले. "चलो, चहा घ्या."

मी चहा घेतला. लहानूजी १९९१ साली वारले. पुढच्या मार्चमध्ये मीही निवृत्त होतो आहे, म्हणून मंडळाची वही दुसऱ्याच्या ताब्यात देण्यापूर्वी तपासतो आहे. बाकी सगळे जुळते. लहानू मेश्राम, देणे एक रुपया पंचवीस पैसे, अजून बाकी.