नऊ दिवस मी गाणंच दुरुस्त करत होतो

"कानात मळ नाही. पडदाही शाबूत आहे. काका, तुमची नस बंद पडली आहे," अलिबागच्या कानाच्या डॉक्टर म्हणाल्या. वयाने माझ्या मुलीएवढ्या असतील. त्यांनी बॅटरी बाजूला ठेवली आणि विचारलं, "किती दिवस झाले?"

"नऊ."

"नऊ दिवस काय करत होतात?"

मी तोंड उघडायच्या आत माझ्या बायकोने, सुनंदाने, उत्तर दिलं. "गाणं दुरुस्त करत होते."

डॉक्टरांना त्यातलं काही कळणं शक्य नव्हतं. तुम्हालाही नाही कळणार, म्हणून पहिल्यापासून सांगतो. माझ्यासारखा शहाणपणा करून आणखी कुणी दिवस वाया घालवू नयेत, एवढ्यासाठीच हे लिहायला बसलोय.

आजाराचं नाव सडन सेन्सरीन्युरल हिअरिंग लॉस. म्हणजे आतल्या कानातली किंवा कानाच्या नसेतली ताकद अचानक जाते, बहुतेक वेळा एकाच बाजूची. का जाते, हे पुष्कळदा डॉक्टरांनाही सांगता येत नाही. दुखत नाही, रक्त येत नाही, आणि म्हणूनच माणूस फसतो. औषध जितक्या लवकर सुरू होईल तितकी पुन्हा ऐकू येण्याची आशा जास्त. एवढं लक्षात ठेवलंत तर पुढचं नाही वाचलं तरी चालेल.

मुरुडला माझं इलेक्ट्रिक दुरुस्तीचं दुकान आहे. मिक्सर, पंखे, पाण्याच्या मोटारी, आणि कुणी आणलाच तर टेपरेकॉर्डर. माझा मित्र इकबाल खाडीपलीकडे बोर्ली पंचतनला असतो. तरुणपणी तो मस्कतला एका कॅसेटच्या दुकानात कामाला होता. तिकडून येताना लोक सोनं आणतात, ब्लँकेटं आणतात. हा पठ्ठ्या दोन ट्रंका भरून कॅसेट घेऊन आला. आता तो खिळे, रंग आणि नळाच्या तोट्या विकतो, आणि ट्रंका अजून पलंगाखाली आहेत.

दर शुक्रवारी नमाजाहून आला की इकबाल मला एक गाणं कॅसेटवरून फोनमध्ये उतरवून पाठवतो. दर सोमवारी मी त्याला एक पाठवतो. कित्येक वर्षं हे चालू आहे. अट एकच, मुरुडच्या बाजारात कुणालाही माहीत असलेलं गाणं चालत नाही. त्यामुळे आमच्याकडे अशी गाणी जमली आहेत की ऐकणारे जगात आम्ही दोघंच असू, असं वाटावं. तुर्कस्तानातल्या लग्नात गाणाऱ्या एका बाईंचं रडकं पण झकास गाणं आहे. मुंबईतल्या चार कॉलेजच्या पोरांचा मराठी रॉक आहे. त्यांनी एकच कॅसेट काढली आणि नंतर बहुधा बँकेत चिकटले. माझा माल मुख्यतः किहीमचा. तिथल्या एका बंगल्यातला रेकॉर्ड प्लेयर दुरुस्तीला आला होता, तेव्हा मालकांनी खोकंभर रेकॉर्डी सहा महिने माझ्याकडे ठेवू दिल्या. गिटार ओरबाडणारे, बासरी फुंकणारे, चर्चमध्ये गाणारे, सगळे त्यात होते.

तर त्या शुक्रवारी इकबालने आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या एका बँडचं गाणं पाठवलं. मी दुकानात बसून इयरफोन लावले. उजवीकडे ढोल आणि माणसांचा कोरस दणक्यात. डावीकडे काहीच नाही.

जुन्या कॅसेटमध्ये असं नेहमी होतं. टेपच्या हेडवर घाण बसली की एक बाजू मरते. मी इकबालला लिहिलं, "डावा ट्रॅक गेलाय. हेड स्पिरिटने साफ कर, पुन्हा पाठव." त्याने साफ करून पाठवलं. तेच. मी लिहिलं, "नीट कर." त्याने तिसऱ्यांदा पाठवलं. मग मी जे लिहिलं ते इथे देत नाही. अर्धं गाणं पाठवणारा माणूस आणि अर्धं मीटर वायर देऊन पूर्ण पैसे घेणारा माणूस यांची तुलना होती, एवढं सांगतो.

दुसरी गाणी लावून पाहिली, तर तीही डावीकडे मुकी. म्हणजे इयरफोन गेला. मी त्याची वायर कापून नवीन जॅक डकवला. फरक नाही. नवा इयरफोन आणला. फरक नाही. म्हणजे फोनचं सॉकेट गेलं. फोन खोलला. या नऊ दिवसांत मी सगळं खोललं, स्वतःला सोडून.

कानाला दडे बसल्यासारखं वाटत होतं, ते मी सर्दीवर ढकललं. डाव्या बाजूला सतत घूं आवाज यायचा, तो मला दुकानासमोरच्या ट्रान्सफॉर्मरचा वाटला. याला टिनिटस म्हणतात, म्हणजे बाहेर आवाज नसताना कानात वाजत राहणं. घरी आल्यावरही तो वाजतोय, याचा विचार माझ्या डोक्यात आला नाही. शेजारच्या वहिनींनी लसूण घालून कोमट केलेलं खोबरेल सुचवलं, तेही ओतलं. डॉक्टर त्यावरून नंतर जे बोलल्या ते ऐकायला एक कान पुरेसा होता. सुनंदा डावीकडून हाका मारायची आणि मी ओ द्यायचो नाही. पण लग्नाला चौतीस वर्षं झाल्यावर कुणी त्याला आजाराचं लक्षण धरत नाही.

नवव्या दिवशी सकाळी मी टेबलावर मीटर, सोल्डरिंग गन आणि उघडा फोन मांडून बसलो होतो. सुनंदा चहा घेऊन आली, क्षणभर बघत राहिली आणि म्हणाली, "अहो, ते उलटे घाला बघू."

"उलटे कसे? एल म्हणजे डावा."

"घाला म्हणते ना."

मी उलटे घातले. ढोल डाव्या कानात गेले आणि ऐकू येईनासे झाले. उजव्या कानात मात्र एक गिटार वाजायला लागली. नऊ दिवस मी मेली म्हणत होतो ती डावी बाजू, अगदी ठणठणीत.

सुनंदाने माझा चेहरा पाहिला आणि चहा तसाच ठेवून ती साडी बदलायला गेली. अकराच्या सुमारास आम्ही अलिबागला त्या डॉक्टरांसमोर होतो.

लगेच ऑडिओमेट्री झाली. एका बंद खोक्यासारख्या खोलीत बसवतात, हेडफोन लावतात, बारीक सूर ऐकू आला की बटण दाबायचं. उजव्या कानाला मी भराभर बटण दाबलं. डाव्याच्या वेळी काचेपलीकडची मुलगी नुसती माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे. मग कागदावर आलेख येतो, त्याला ऑडिओग्राम म्हणतात. उजवी रेघ वर होती. डावी रेघ तळाला जाऊन बसली होती.

त्याच दिवशी स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. नसेची सूज उतरावी म्हणून त्या देतात. आधी जास्त, मग हळूहळू कमी. साखर वाढू शकते म्हणून रक्त तपासत राहावं लागतं. मनाने गोळ्या बंद करायच्या नाहीत. झोप उडते, भूक राक्षसासारखी लागते आणि माणूस चिडचिडा होतो. माझ्या बाबतीत तिसरा परिणाम कुणाला ओळखू आला नाही.

पुढच्या आठवड्यात पनवेलला एमआरआय. नसेवर गाठ तर नाही ना, हे बघायला. गाठ नव्हती. रिपोर्ट हातात येईपर्यंत सुनंदाने वेटिंग रूममध्ये एका अनोळखी बाईची पूर्ण कुंडली विचारून घेतली होती. भीती घालवायचा तिचा तो मार्ग आहे, मी त्याला आता हसत नाही.

इकबालला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मना दोन्ही बाजूंनी ऐकू येत होता रे. पन तू मेकॅनिक. तू बोललास बाजू गेली, मना वाटला माझाच कान खराब हाय. मी श्रीवर्धनला दाखवायला जानार होतो."

तीन वेळा त्याने ती कॅसेट लावली होती. दोन वेळा हेड पुसलं होतं. माझ्या बोलण्यापुढे त्याने स्वतःच्या कानांना खोटं ठरवलं, आणि मी त्याला काय काय लिहिलं होतं. मला रडू आलं. फोनवर मी रडलो, हे सांगायला लाज वाटत नाही.

गोळ्यांनी फारसा फरक पडला नाही, तेव्हा इंट्राटिम्पॅनिक इंजेक्शनं ठरली. म्हणजे बारीक सुईने पडद्यातून थेट मधल्या कानात औषध सोडतात. आठवड्याला एक, अशी चार. ऐकायला भयंकर वाटतं, पण पडदा आधी बधिर करतात. क्षणभर चुरचुरतं आणि गरगरतं. नंतर अर्धा तास आजारी कान वर करून पडून राहायचं. बोलायचं नाही, शक्यतो गिळायचंही नाही.

त्या अर्ध्या तासात माझा चांगला कान उशीत दाबलेला असायचा. ट्यूबलाइट दिसायची, सुनंदाचे ओठ हललेले दिसायचे, आवाज कसलाच नाही. पहिल्या वेळी मी फार घाबरलो. मग मी मनातल्या मनात ते तुर्कस्तानच्या बाईंचं गाणं म्हणायला घेतलं आणि ते दोन्ही बाजूंनी वाजलं. डोक्यात माझा डावा कान अजून चालू होता.

चौथ्या इंजेक्शननंतरच्या ऑडिओग्रामवर डावी रेघ थोडी वर आली होती. खर्जाचे सूर परत आले होते, वरचे नाही. डॉक्टरांनी कागद माझ्यापुढे सरकवला. "आलं ते आपलं, काका. तीन महिन्यांनी पुन्हा बघू. पण आता फार मोठी आशा मी तुम्हाला देणार नाही." त्यांनी खोटं सांगितलं नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. त्या दिवशी मात्र मला त्यांचा रागच आला होता.

कारण जे परत आलं ते वाकडं आलं होतं. डिप्लाक्युसिस म्हणतात. एकच सूर दोन कानांना वेगवेगळ्या उंचीवर ऐकू येतो. स्पीकरवर गाणं लावलं की वाटायचं, शेजारी कुणीतरी बेसूर साथ करतंय. नुसत्या उजव्या कानात इयरफोन घालून ऐकावं, तर अर्धी वाद्यं गायब. तपासणी करणाऱ्या मुलीने फोनमधली मोनोची सोय दाखवली. त्या सोयीने दोन्ही बाजू एकाच कानात येतात. तुमच्यावर वेळ आली तर जरूर वापरा, उपयोग होतो. मला मात्र त्या ऐकून पाठ झालेल्या गाण्यांची गर्दी सहन होईना. वीस माणसं एका खोलीत कोंबल्यासारखी.

मी इकबालला लिहिलं, "आता गाणी पाठवू नकोस." त्याने "बरं" एवढंच लिहिलं. पुढचे तीन शुक्रवार कोरडे गेले. सोमवारी मीही काही पाठवलं नाही. कान गेला याचं दुःख होतंच. पण त्यापायी इकबालही हळूहळू जाईल, ही भीती मी कुणाजवळ बोललो नाही.

चौथ्या शुक्रवारी दुपारी दिघीहून फेरीबोटीत स्कूटर घालून तो आगरदांड्याला उतरला आणि थेट आमच्या दारात आला. दाढी वाढलेली, हातात पिशवी, आणि डाव्या कानात कापसाचा बोळा.

"हा काय अवतार?" मी विचारलं.

"पंधरा दिवस घालतोय. दुकानात गिऱ्हाईक डावीकडून बोलला की काय कलतच न्हाय. बायको बोलते, एक येडा कमी होता का!" तो खुर्चीत बसला. "दोन्ही ट्रंका ऐकून काढल्या, एका कानाने. ज्यातला काय कमी झाल्यासारखा वाटला, ती बाजूला. ज्यातला कायच कमी झाला न्हाय, ती ही."

पिशवीत एकवीस कॅसेट होत्या. सगळ्या एका माइकवर घेतलेल्या. त्यात डावं-उजवं नव्हतंच कधी. एका गॅरेजमध्ये मधोमध माइक टांगून वाजवलेला रॉक होता. एकटा माणूस आणि त्याचं तंतुवाद्य होतं. जाळं ओढताना ओमानमधल्या सूर गावच्या कोळ्यांनी म्हटलेलं गाणं होतं, पुढे एक म्हातारा सांगणारा, बाकीचे ओढणारे, मागे लाटांचा आवाज. माणसांनी माइकच्या जवळ-लांब उभं राहून ज्याची त्याची जागा धरलेली. कुणी कुणाला ढकलत नव्हतं.

मी दुकानातला टेपरेकॉर्डर आणला, उजव्या कानात इयरफोन घातला आणि कोळ्यांचं गाणं लावलं. ते पुरं होतं. पहिल्यापासून शेवटपर्यंत पुरं. माझ्या वाट्याचं काहीही दुसऱ्या बाजूला राहिलं नव्हतं. इकबालने कापूस काढून खिशात टाकला आणि सुनंदाकडे चहा मागितला.

चहा ठेवून सुनंदा माझ्या बाजूला बसली. तिला आमच्या गाण्यांचा कधीच सोस नव्हता. "आपटाआपटी" हा तिचा एक शब्द सगळ्याला पुरायचा. माझ्या छातीवर डावा इयरफोन नुसताच लोंबत होता. तिने तो उचलला, पदराने पुसला आणि स्वतःच्या कानात घातला. दोघांच्याही कानात तेच गाणं, तेवढंच पूर्ण.

मध्येच ती काहीतरी बोलली. ती माझ्या डाव्या अंगाला होती, मला नुसते ओठ दिसले. तिच्या ते लक्षात आलं. तिने गाणं संपू दिलं, मग उठली, खुर्चीला वळसा घालून माझ्या उजव्या बाजूला आली आणि कानाशी वाकून म्हणाली, "तो म्हातारा मध्ये दम घ्यायला थांबतो ना, आणि बाकीचे त्याच्यासाठी थांबतात, ते पुन्हा लावा."