काठोकाठ भरलेली टाकी

गणपती आटपून माझा मित्र गावाहून परतला आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याचा फोन आला.

"तू दिलेली गाडी मेली. भंगार गळ्यात मारलंस माझ्या. ये आणि घेऊन जा."

फोन स्पीकरवर होता. त्याच्या दिंडोशीच्या सोसायटीत सुट्टीच्या दिवशी खाली कॅरम मांडतात, ती मंडळी मागे हसत होती. शाळेपासूनचा मित्र, एका बाकावर बसलेलो आम्ही. एकट्यात चार शिव्या दिल्या असत्या तर मी आठ देऊन मोकळा झालो असतो. पण चारचौघांत भंगार?

कांदिवलीत माझं दुकान आहे. जुन्या मोटरसायकली विकत घ्यायच्या, पार उघडायच्या, पुन्हा उभ्या करायच्या आणि विकायच्या. हे मला कुणी शिकवलेलं नाही. दुसऱ्यांच्या गॅरेजात रॉकेलच्या ट्रेमध्ये सुटे भाग धूत धूत शिकलो. घेताना मी समोरच्याला रडवतो आणि विकताना दमवतो, असं लोक बोलतात, बोलू देत. पण विकलेली गाडी परत आली, असं तोवर एकदाही झालं नव्हतं. आमच्या धंद्याची जाहिरात म्हणजे एकाने दुसऱ्याला सांगणं. त्या कॅरमवाल्यांपैकी तिघांनी याच्याच शब्दावर माझ्याकडून गाड्या घेतल्या होत्या. ही एक गाडी परत आली की माझा शब्द त्या सोसायटीत संपला, आणि तिथून तो कुठवर संपत जाईल याचा हिशेब मला नको होता.

हत्यारांची पेटी घेऊन मी तासाभरात तिथे हजर झालो.

गाडी उघड्या पार्किंगमध्ये उभी होती. टाकीवर निळं प्लास्टिक, सुतळीने गच्च बांधलेलं. घराचं छप्पर दुरुस्त करायचं म्हणून हा दीड महिना गावाला राहिला होता, तेवढे दिवस ती तशीच उभी. मी किक मारल्या. इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प झालं.

"घशात अडकलंय काहीतरी," कॅरमवाल्यांतला एक म्हणाला. "लसूण द्या."

मी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पेट्रोलची नळी काढली आणि एका पारदर्शक बाटलीत टाकीच्या तळाचं पेट्रोल सोडलं. आधी गढूळ आलं. बाटली कट्ट्यावर ठेवली आणि बघता बघता तिच्यात दोन थर झाले. खाली एक, वर एक, मध्ये पट्टीने आखल्यासारखी रेघ. मी जवळजवळ नाचलोच.

"पाणी! पंपवाल्याने पाणी घातलंय!"

"मग खूश काय होतोस?" मित्र म्हणाला. "गाडी माझी बंद पडलीय."

पण मला कुठलं भान? माझं इंजिन ठीक होतं, माझा शब्द ठीक होता आणि भांडायला एक पंप मिळाला होता. पेट्रोल पंपाशी माझं जुनं वैर आहे. सगळ्या मुंबईत ही एकच जागा अशी, जिथे माझी जीभ चालत नाही. भाव लिहिलेला, मीटर ठरलेलं, घासाघीस करायची तर कुणाशी? त्यात आता पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळतात. ज्या वर्षी माझ्या गाड्या कारखान्यातून बाहेर पडल्या, त्या वर्षी त्यांना असलं पेट्रोल पाजायचं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. आम्हा जुन्या गाडीवाल्यांना कुणी विचारलं? ते दुखणं मी तेव्हाही बाळगून होतो, आजही आहे.

बाटली हातात धरून मी मित्राने पेट्रोल घेतलं होतं त्या पंपावर गेलो आणि मॅनेजरला बाहेर बोलावलं. आवाज चढलेलाच होता. तो बिचारा एकेक तपासणी करत गेला. नोझलमधून फिल्टर पेपरवर थेंब टाकला, तो डाग न ठेवता उडून गेला. घनता मोजली, ती नोंदीशी जुळली. जमिनीखालच्या टाकीत पट्टी सोडली, तिला लावलेल्या लेपाचा रंग बदलला नाही, म्हणजे पाणी नाही. माझ्यापाशी बोलायला काही उरेना, म्हणून मी आणखी मोठ्याने बोललो.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग बाटली उचलून उजेडात धरली आणि विचारलं, "साहेब, गाडी किती दिवस उभी होती? आणि टाकी किती भरलेली होती?"

मी बाटली त्याच्या हातातून काढून घेतली आणि निघालो. तो प्रश्न मात्र माझ्याबरोबर रिक्षात बसला.

दुसऱ्या दिवशी विलेपार्ल्याला गेलो. तिथे कॉलेजच्या मुलांना प्रयोगशाळेचं सामान विकणारं दुकान आहे. काचेचं उभं मोजपात्र घेतलं, आणि सांगतो, घासाघीस न करता घेतलं, इतका मी घाईत होतो. वाटेत दोन पंपांवरून दोन प्रकारचं पेट्रोल आणलं. एक नेहमीचं, मिसळलेलं. दुसरं ते महागडं, शंभर ऑक्टेनचं, ज्यात इथेनॉल नसतं असं गाडीवाले सांगतात. सांगतात त्यावर मी विश्वास ठेवत नाही. मोजतो.

दुकानाच्या दारात, मोकळ्या हवेत स्टुलावर मांडामांड केली. पात्रात दहा मापं पाणी, त्यावर नव्वद मापं नेहमीचं पेट्रोल. हलवलं, ठेवलं, वाकून बसलो. पाणी खाली बसलं, पण दहाच्या रेषेवर थांबेना. पंधरा. वीस. पंचविशीही ओलांडली. पेट्रोलमधलं इथेनॉल पाण्याला मिठी मारून खाली उतरत होतं आणि तळ फुगत होता. मग पात्र धुऊन, पुसून महागड्या पेट्रोलवर तोच प्रयोग. दहा मापं पाणी टाकलं होतं, ते दहावरच राहिलं. केसभर हललं नाही. मी एकटाच मोठ्याने हसलो. शेजारचा झेरॉक्सवाला बाहेर येऊन बघून गेला.

हसू टिकलं नाही, कारण पुढचा हिशेब माझा मलाच लागला. पूर्वी टाकीत चमचाभर पाणी शिरलं तर ते गुपचूप तळाशी बसायचं. टाकीखालचा कॉक उघडून काढून टाकलं की झालं. आता ते आधी पेट्रोलमध्ये विरघळतं आणि प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉलला घेऊन एकदम खाली येतं. टाकीत पेट्रोल जितकं जास्त, तितका तळाचा थर मोठा. आणि इंजिन पितं ते तळाचंच. जुन्या गाडीच्या झाकणाचं रबर ढिलं असतं. ऐन पावसात दीड महिना वर प्लास्टिक आवळलेलं, आत घाम धरलेला, तो गळून झाकणावरच साचायचा आणि टाकीत झिरपायचा.

आणि ते प्लास्टिक आवळायला कुणी सांगितलं होतं? मीच. गावाला निघालेल्या प्रत्येक कोकणवाल्या गिऱ्हाइकाला मी वर्षानुवर्षं सांगत आलो: टाकी काठोकाठ भर, म्हणजे गंज धरत नाही, वर प्लास्टिक घट्ट बांध आणि बिनघोर जा. साध्या पेट्रोलच्या काळात तो सल्ला सोन्यासारखा होता. पेट्रोल बदललं, मी सल्ला बदलला नाही. पंपावर पाटी वाचून सरकारला शिव्या दिल्या, पण आपल्या गाड्यांसाठी काय बदलायला हवं, याचा विचार केला नाही.

गप्प बसता आलं असतं. कार्ब्युरेटर साफ करून, पंपवाला चोर म्हणून सांगितलं असतं तर सगळ्यांनी मान डोलावली असती. माझा शब्द राहिला असता. पण तेच तिघे पुढच्या वर्षी पुन्हा टाकी भरून गावाला गेले असते.

रविवारी दिंडोशीला गेलो. टाकी रिकामी करून धुतली, फुगलेली रबरं बदलली, कार्ब्युरेटरमधला हिरवा थर ब्रशने काढला, थोडं ताजं पेट्रोल घातलं. मग मोजपात्र थेट कॅरम बोर्डावर ठेवलं. सोंगट्या विखुरल्या, मंडळी खवळली, मी त्यांच्यावर खवळलो आणि प्रयोग सगळ्यांना करून दाखवला. रेषा चढताना तेही वाकून बघायला लागले.

"पंपाचं पेट्रोल ठीक होतं," मी म्हणालो. "गाडी ठीक होती. सल्ला चुकीचा होता, आणि तो माझा होता. यापुढे गावाला जाताना टाकी रिकामी करा, कार्ब्युरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालवा. प्लास्टिक नको, सुती चादर घाला."

कुणीतरी विखुरलेल्या सोंगट्या गोळा करू लागलं. मग लसूणवाला म्हणाला, "आम्ही कधी टाकी भरलीच नव्हती. तुझं ऐकतो कोण?"

सगळे हसले. मित्र हसला नाही. "मी ऐकलं ना," तो म्हणाला. "मी एकटाच मूर्ख."

मी हत्यारं पेटीत भरली. मग त्याला म्हटलं, की गाडी परत द्यायची असेल तर आत्ता दे, मी चालवत घेऊन जातो.

"कोण देतंय?" तो म्हणाला. दुसऱ्या किकला इंजिन फुटाण्यासारखं तडतडत सुरू झालं. गेटबाहेर पडताना त्याने मागे वळून कॅरमवाल्यांना ओरडून सांगितलं, की गाडी घ्यायची तर याच्याकडूनच घ्या, फक्त सल्ला घेऊ नका.