चव बघणं म्हणजे खाणं नव्हे

आमच्या ह्यांना खोटं बोलता येत नाही, हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, नवरा चोरून खात होता. चोरून खाणारा माणूस निदान तोंड तरी पुसतो.

हे भट्टीवर पाव भाजतात, लग्नाच्या आधीपासून. वस्तीत सगळे त्यांना भट्टीवाले म्हणतात आणि मला भट्टीवाली, जसं काही आत लाकडं मीच सारते. पहाटे उठून पीठ मळायचं, ते फुगलं की गोळे करायचे, घाण्यामागून घाणा काढायचा आणि दुपारी घरी येऊन आडवं व्हायचं. अंगाने भरलेले, पोट चांगलं पुढे आलेलं. ‘हडकुळ्या भट्टीवाल्याकडून पाव कोण घेईल?’ असं म्हणून स्वतःच हसायचे. मीही हसायचे, काय करणार!

मग त्यांच्या धाकट्या बहिणीचं लिव्हर निकामी झालं. ना दारू, ना कसलं व्यसन. शरीरच स्वतःच्या लिव्हरवर उलटलंय, असं डॉक्टर म्हणाले. आता घरातल्या कुणीतरी आपल्या लिव्हरचा तुकडा द्यायचा, एवढाच मार्ग उरला होता. तपासण्या झाल्या आणि जुळलं ते फक्त ह्यांचं. डॉक्टरांचं वाक्य पुरं व्हायच्या आत हे म्हणाले, “घ्या.”

पण घेता येईना. स्कॅनमध्ये ह्यांच्याच लिव्हरवर चरबी निघाली. डॉक्टर म्हणाले, “असं लिव्हर कापणं तुमच्या जिवाला धोक्याचं आणि त्यांच्याही. आधी चरबी उतरवा. पण फार वेळ नाहीये हातात.”

घरी आलो. दारात चपला काढता काढता म्हणाले, “म्हणजे छोटीचा जीव आता माझ्या ताटात आहे म्हण.”

झालं! दुसऱ्या दिवसापासून पाव बंद, भात बंद, बटाटा बंद. नुसती उकडलेली अंडी आणि काकडी. मी सांगून थकले, पण ऐकेल तो भट्टीवाला कसला. आठवडाही झाला नसेल, भट्टीपुढे भोवळ आली आणि कोपर भाजून घेतलं. ते भाजलेलं कोपर घेऊन गेलो हॉस्पिटलातल्या आहारतज्ज्ञ बाईंकडे. बाई वयाने लहान, पण बोलायला ठाम.

“सगळे कार्ब्स सोडा असं कुणी सांगितलं तुम्हाला?” त्या म्हणाल्या. “पहाटेपासून भट्टीपुढे उभं राहायचं तर अंगात ताकद नको? कार्ब्स खायचे, पण निवडून. डाळी, राजमा, ओट्स. बटाटा उकडून, सालासकट, बेताने. फळ अख्खं खायचं, रस काढून नाही. सोडायचं काय, तर साखर, सरबतं, बिस्किटं आणि पांढरा पाव.”

“पांढरा पाव अजिबातच नको?” ह्यांनी विचारलं. आवाज असा की बाईंनी पोटचं पोर सोडून यायला सांगितलंय.

“अजिबात नको.”

“बरं,” हे म्हणाले, आणि पाळलंही. माझ्या घरात पावाचा तुकडा राहिला नाही. मी रोज कडधान्यं भिजत घालायची, बटाटे उकडायचे, मोजकं वाढायचं. ओट्सचा वाडगा पुढे ठेवला की हे त्याच्याकडे बघत बसायचे. “खा,” मी म्हणायचे. “खातोय की,” म्हणायचे आणि चमचा फिरवत राहायचे. लेकीला राजम्याचा वास सहन होईना, ती ताट घेऊन दुसऱ्या खोलीत जायची. दोन-दोन स्वयंपाक करून माझे हात गळून जायचे. वर ‘अजून थोडं वाढ’ म्हटलं की ‘नको’ म्हणायचं ते मीच. भुकेल्या माणसाला रोज नको म्हणणं म्हणजे काय असतं, ते माझं मला माहीत.

छोटीला भेटायला जायचो. डोळे पिवळे, हातापायांना सारखी खाज. ह्यांना बघून म्हणायची, “दादा, तुझी हनुवटी एकच राहिली की! वहिनी, ह्याला जरा जेवायला घाल गं. हा उपाशी बसलाय म्हटलं की माझ्या घशाखाली घास उतरत नाही.”

“तू गप पड,” हे म्हणायचे. “तुझ्या घासाचंच चाललंय सगळं.”

पुन्हा स्कॅन झाला. चरबी उतरली होती, पण नावापुरती. डॉक्टरांनी ह्यांच्याकडे न बघता माझ्याकडे बघितलं. माझं डोकंच फिरलं. मी काय लाडू भरवतेय? आहारतज्ज्ञ बाईंनी पुन्हा पहिल्यापासून विचारलं, दिवसभरात काय काय खाता? ह्यांनी सगळं सांगितलं, ओट्सपासून रात्रीच्या डाळीपर्यंत. एक अक्षर खोटं नव्हतं. मीच साक्षीला होते ना! बाई बुचकळ्यात पडल्या. तोवर तिकडे छोटीच्या पोटात पाणी भरायला लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी हे डबा घरीच विसरले. मी चडफडत डबा घेऊन भट्टीवर गेले. हे पाठमोरे होते. घाणा बाहेर काढला, पहिला पाव मोडला, मधला मऊ भाग तोंडात टाकला, चावला, गिळला. मान हलवली. पुढचा घाणा काढला, पुन्हा तेच. मग गोड बन निघाले, त्यातलाही एक मोडला. मी दारात थिजून उभी.

“अहो! हे काय चाललंय?”

हे वळले. गाल भरलेला. तोंडावर अपराधीपणा औषधालासुद्धा नाही.

“काय? चव बघतोय.”

“खाताय तुम्ही!”

“खात कुठे आहे? चव बघतोय. न बघता माल पुढे कसा ठेवू? मीठ पडलंय की नाही, आत कच्चं राहिलंय का, बघावं लागतं ना.”

“किती घाणे काढता रोज?”

हे मोकळ्या हाताची बोटं दुमडायला लागले. मनातल्या मनात घाणे मोजत असावेत. हातातला बनचा तुकडा हळूच फळीवर ठेवला आणि पिठाच्या पोत्यावर बसले. “अगं, पण हे काम आहे,” म्हणाले, “हे खाणं नाही.” मी किती तोंडसुख घ्यायचं ठरवलं होतं! पण त्या माणसाला खरंच ठाऊक नव्हतं. सगळं आयुष्य त्यांनी ते तोंडात टाकलं आणि एकदाही जेवण म्हणून धरलं नाही. मला रागही येईना, रडूही येईना. नुसता थकवा आला.

मग काय, पहाटे उठून चव बघायला मी जायला लागले. हे पाव मोडायचे, माझ्या हातात द्यायचे आणि माझ्या तोंडाकडे बघत राहायचे.

“कसा आहे?”

“बरा आहे.”

“बरा म्हणजे? मीठ कमी की बरोबर?”

“पावासारखा लागतोय, अजून काय सांगू?”

एकदा माझ्या भरवशावर अख्खा घाणा अळणी विकला गेला. गिऱ्हाईकं भांडून गेली. दुसऱ्या दिवशी ह्यांनी मला मिठाचं पाणी चाखायला लावलं, जीभ तयार व्हावी म्हणून. माझ्या कंबरेचे कपडे घट्ट व्हायला लागले आणि ह्यांचे गळायला लागले. समोर ऊन ऊन पाव मोडायचा, त्याची वाफ नाकात घ्यायची आणि बायकोच्या हातात द्यायचा! एकदा मी म्हटलं, “घ्या हो, एवढासा तुकडा.” तर असे खेकसले माझ्यावर, की पुन्हा म्हणायची हिंमत झाली नाही.

तिसरा स्कॅन झाला. डॉक्टर पडद्याकडे बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, “तुम्ही करून दाखवलंत. लिव्हर आता देण्यासारखं आहे.”

माझा जीव भांड्यात पडला. हे उठलेच. “मग कधी? उद्या?”

डॉक्टरांनी खुर्ची ओढून ह्यांना पुन्हा बसवलं. “तुम्ही तयार आहात. त्या नाहीत. काल रात्रीपासून ताप आहे. पोटातल्या पाण्यात जंतुसंसर्ग झालाय, तो रक्तात गेलाय. अशात ऑपरेशन केलं तर त्या टेबलावरच जातील. संसर्ग आटोक्यात आला तर करू.”

“आणि नाही आला तर?” मी विचारलं. डॉक्टरांनी समोरचा पडदा बंद केला. मला वाटलं, हे आता ओरडतील, काहीतरी आपटतील. माझ्याच डोळ्यांपुढे ते सगळे गोड बन नाचत होते, पहिल्या दिवसापासूनचे. ह्यांच्याही नाचत असणार. पण आवाज न चढवता, दुकानात मालाचा भाव विचारावा तसं ह्यांनी विचारलं, “तोवर मी काय खाऊ?”

“जे खाताय तेच,” डॉक्टर म्हणाले.

छोटीच्या खोलीत सोडत नव्हते. आम्ही बाहेर बाकावर बसलो. जेवायची वेळ झाली तसा ह्यांनी माझ्या पिशवीतून डबा काढला, मांडीवर ठेवला आणि थंडगार बटाटा सालासकट खाऊ लागले. एकेक घास नीट चावून, एक कणही न सांडता. आतून नर्स धावत बाहेर आली, दुसऱ्या दोघींना घेऊन पुन्हा आत गेली. ह्यांनी दाराकडे बघितलं. खाणं थांबवलं नाही.