जिवंत गणपतकाका आणि रफिकसरांचा प्रोग्राम

रफिकसरांची माझी पहिली भेट पांढरकवड्याच्या कापूस खरेदी केंद्रावर झाली. मी तिथे नवी ऑपरेटर होते आणि सर संगणक दुरुस्तीला आले होते. आल्या आल्या त्यांनी मला विचारले, "बेटा, हा डबा एवढा कायले विचार करून राह्यला?"

कापूस विकायला शेतकऱ्यांचे हाल व्हायचे, अशी ती वर्षे. बाहेर गाड्यांची रांग थेट रस्त्यापर्यंत, आणि आत आमचा संगणक प्रत्येक शेतकऱ्याचे नाव डिस्कवर नव्याने शोधायचा. सर तासभर नुसते रांगेकडे पाहत बसले. एका गावच्या गाड्या एकत्रच येतात, हे आम्हीही रोज पाहत होतो, पण पाहून काय उपयोग! सरांनी प्रोग्राम बदलला. गावची पहिली गाडी आली, की अख्ख्या गावाची यादी मेमरीत आणून ठेवायची आणि पुढची नावे तिथूनच द्यायची. रांग भराभर सरकू लागली. सरांची कॉलर जरा ताठ झाली, हेही प्रामाणिकपणे नमूद करते.

खरेदीच्या शेवटच्या दिवशी केळापूरचे गणपतकाका खिडकीशी आले. पडद्यावर त्यांच्या नावापुढे 'मयत'! चूक माझी, त्यांच्या वारलेल्या चुलतभावाऐवजी मी त्यांनाच मारले होते. लगेच नोंद सुधारली, पुन्हा नाव काढले. काका मेलेलेच.

"अवो बाई, मी सोता गाडी हाकत आलो ना! आज काटा नाही झाला तं हा कापूस कुठं नेऊ?"

केंद्राचे साहेब म्हणाले, मयताचा कापूस घेता येत नाही. सरांना बोलावले. डिस्कवरची नोंद सुधारली होती, पण मेमरीतली यादी सकाळचीच होती. सर मला सहज पुढे करू शकले असते. ते स्टुलावर चढून रांगेला म्हणाले, "चूक माह्या प्रोग्रामची हाय. याद ठेवणं शिकवलं मी त्याले, भुलणं शिकवाचं राह्यलं."

मग नोंद बदलताच मेमरीतले जुने नाव काढून टाकण्याची सोय त्यांनी तिथेच बसून केली. तासभर रांगेने शिव्या घातल्या. सर प्रत्येकाला "हव भाऊ" म्हणत राहिले. केंद्र बंद व्हायच्या आत काकांचा कापूस काट्यावर चढला. मी तोंड फिरवून रडले.

सरांच्या साठीनिमित्त दोन शब्द मागायला परवा काकांकडे गेले होते. ऐंशी ओलांडलेले काका म्हणाले, "लिहा, रफिकभाऊनं माह्या आधी जायचं नाही. आन् मी तं इतक्यात जाऊन नाही राह्यलो."

सरांना निरोगी दीर्घायुष्य लाभावे, ही आम्हा शिष्यांची इच्छा आहे. काकांची तर अटच आहे.