चटणी मोठ्यानं सांगायची

आमच्या कोल्हापुरात वर्षभराच्या तिखटाला चटणी म्हणतात, हे बाहेरच्यांना दरवेळी सांगावं लागतं. उन्हाळ्यात बायका मिरच्या वाळवतात, कांदा तळतात, खोबरं भाजतात आणि सगळं डब्यात भरून माझ्या कांडपावर आणतात. मशीनची मुसळं वरखाली होऊ लागली की गल्लीभर ठसका उठतो. मी नाकाला पदर बांधून उभी असते. नवरा गेल्यापासून माझं घर याच मशीनवर चालतं.

सासूबाईंची चटणी दोन पावसाळे टिकायची. आजारपणात त्यांनी ती फक्त मला सांगितली आणि बजावलं, की हे घराबाहेर जाता कामा नये. मी ते ऐकलं नाही. मुद्दामच ऐकलं नाही.

झालं असं, की गगनबावड्याकडची एक बाई मिरच्या घेऊन आली होती. तिकडे पाऊस म्हणजे भिंतींना पाणी सुटतं. "दर श्रावणात बुरशी धरतीय बघा आक्का. समदी चटणी उकिरड्यावर टाकायची आन् सासूचं बोलणं खायचं," असं ती म्हणाली. तिच्यासमोर गुपित धरून बसायला मी काय सोनं विकत होते? सांगून टाकलं. कांदा बोटांत चुरला जाईपर्यंत तळायचा. मीठसुद्धा कढईत गरम करून घ्यायचं. आणि लसूण धुवायचा नाही, सालीसकट उन्हात टाकायचा. सगळ्याजणी तिथंच चुकतात, स्वच्छतेपायी धुतात आणि ओल आत घेऊन येतात.

पुढच्या उन्हाळ्यात ती भावकीतल्या बायकांना घेऊन आली. मग जी विचारेल तिला मी सांगत सुटले.

धाकट्या दिराचा संताप झाला. कांडपाचा गाळा आम्हा दोघांच्या नावावर आहे, त्यामुळे त्यांना बोलायचा हक्क होता आणि ते तो पुरेपूर वापरत.

"वैनी, काय करतायसा हे? आईची चटणी गावभर वाटतायसा?"

"चटणीच हाय भावजी, घरातली भांडी न्हाईत."

खरा भडका उडाला तो शेजारच्या भाभींमुळे. शिरोलीतली त्यांच्या नवऱ्याची ओतकामाची फौंड्री बंद पडली आणि त्यांना दोन घरं पलीकडे स्वतःचं कांडप टाकायचं होतं. मला विचारताना त्या मान वर करत नव्हत्या. मी त्यांना पूर्ण हंगाम माझ्या मशीनजवळ उभं केलं. मोटार तापली की आवाज कसा बदलतो, चाळणीवर उरलेलं पुन्हा कधी घालायचं, सगळं दाखवलं. पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर त्यांचं कांडप सुरू झालं, तेव्हा भावजींनी निक्षून सांगितलं, "औंदाचा हंगाम बघायचा. गिऱ्हाईक तुटलं तर मशीन विकायचं आन् गाळा भाड्यानं द्यायचा."

मला भीती वाटली. का खोटं सांगू? मशीन गेलं तर दुसऱ्यांच्या घरी पोळ्या लाटायला जावं लागणार होतं. तरी माझ्याकडे रांग लांबली की मी शेवटच्या बायकांना हात धरून भाभींकडे पाठवत होते. कुणी रोखून बघितलं की आणखी एकीला पाठवायची.

आधी बायका पहाटे येऊन तिन्हीसांजेपर्यंत ताटकळायच्या, कंटाळून दुसऱ्या पेठेत जायच्या. आता दुपारच्या आत मोकळ्या होऊ लागल्या. हे तोंडोतोंडी पसरलं. कुरुंदवाडच्या बायका टेंपो करून येऊ लागल्या. त्या उन्हाळ्यात माझ्या मशीनला उसंत नव्हती आणि भाभींच्याही. विकायची गोष्ट भावजींनी परत काढली नाही.

आता लोक म्हणतात, बाई धोरणी निघाली. याचा मला राग येतो. मी काही धोरण आखलं नव्हतं. आखलं असतं तर गप्पच बसले असते, भावजी म्हणत होते तशी.

यंदा ऐन गर्दीत भावजी आले. त्यांच्या लेकीला पुण्यात चटणी करून विकायची आहे. माझ्या कानाशी लागून म्हणाले, "वैनी, जरा आत या की. दार लावून सांगा."

मी मशीन बंद केलं. "हितंच सांगते, भावजी."

"अवो, हळू तरी बोला."

मी कांद्यापासून सुरुवात केली, तीही अशा आवाजात की भाभी त्यांच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. भावजींचा चेहरा मिरचीसारखा झाला होता. कांदा झाला, खोबरं झालं, मीठ झालं आणि मला ठसका लागला. मी पाण्याचा तांब्या शोधत होते, तेवढ्यात रांगेतून गगनबावड्याची ती बाई बोलली.

"पावणं, लसूण धुवायचा न्हाय."

भावजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. खिशातून मोबाईल काढला आणि लिहून घेता घेता बारीक आवाजात विचारलं, "सालीसकट काय?"

"व्हय, सालीसकट," अख्खी रांग म्हणाली.