पाटावरची जागा

आमच्या घराण्यात पायाळू असणं हे एक पदच आहे. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, त्याने दुखऱ्या कमरेला पाय लावला की उसण उतरते, असा समज. आमचे चुलत दादा पायाळू. सरकारी नोकरीत ते बरेच वर चढले, पण नातेवाइकांत त्यांची कीर्ती आहे ती या पहिल्या, नकळत केलेल्या कामगिरीची.

माझी कंबर काही वर्षं दुखत होती. मुलीचं लग्न ठरलं तेव्हा मला जमिनीवर बसणं अशक्य झालं होतं. बसलोच तर उठवायला दोघं लागत. दादा दारव्ह्याहून यवतमाळला आले. त्यांनी मोजा असा काढला, जणू कोनशिलेवरचा पडदा. मी पालथा, भोवती नातेवाईक आणि कमरेवर निवृत्त अधिकाऱ्याची टाच. या गोष्टी मी मानत नाही. पण पालथ्या माणसाच्या मताला फारसं वजन नसतं.

उसण उतरली नाही. दोष माझ्या अश्रद्धेचा ठरला आणि दादांनी तोडगा काढला, "कन्यादानाला मी अन् तुझी वहिनी बसतो. तू पुढच्या रांगेत खुर्चीवर बस."

ते गेल्यावर बायको म्हणाली, "म्हणजे तुमच्या कमरेपायी माझीही जागा गेली. पोरगी वाढवली म्या, अन् पाटावर वहिनी?"

दुसऱ्याच दिवशी फिजिओथेरपीचा दवाखाना गाठला. डॉक्टरबाई तरुण, कळंबच्या. एमआरआयची पिशवी मी नैवेद्यासारखी पुढे केली. त्यांनी फिल्म उजेडात धरून पाहिली आणि बाजूला ठेवली.

"भेण्यासारखं काही नाही, काका. वाकून दाखवा."

मी गुडघ्यापर्यंत पोचून थांबलो.

"काहून थांबले?"

"दुखतं."

"दुखून राह्यलं म्हणजे तुटून राह्यलं असं नाही ना!"

मग त्यांनी अंगठ्यांनी मणक्याच्या कडेकडेने दाबत आवळलेली पाठ सैल केली. उठलो तो हलका होऊनच. मी आभारप्रदर्शनाला सुरुवात करणार, तोच त्या म्हणाल्या, "हे संध्याकाळपर्यंत टिकते. पुढचं काम तुमचं."

पुढचं काम म्हणजे उताणं झोपून कंबर उचलायची, रांगत्या पोरासारखं होऊन एक हात आणि दुसऱ्या बाजूचा पाय ताणायचा. बसण्याचा सराव आधी स्टुलावर, मग चौरंगावर, मग उशीवर. माणसाने टप्प्याटप्प्याने जमिनीवर यावं, हे दादांसारख्या मोठ्या पदावर राहिलेल्यांना पटायला जरा जड जातं. मधे एकदा कमरेने पुन्हा दगा दिला. बाई म्हणाल्या, "कमी करा, पण सोडू नका." घरात बायकोची देखरेख होतीच; तिच्या जागेचा प्रश्न होता.

लग्नात दादा रेशमी धोतर नेसून तयार उभे होते. मी पाटावर मांडी घातली.

"झेपेल का रे?" दादा.

"बसलो की."

गुरुजी प्रत्येक मंत्राचा अर्थ माइकवरून सांगणारे निघाले. कमरेने कुरकुर केली. मी भार या बाजूचा त्या बाजूला केला आणि बसून राहिलो. मुलीचा हात जावयाच्या हातात दिला तेव्हा कमरेची आठवणही नव्हती.

विधी संपला. एक गुडघा टेकला, मांडीवर तळवा रोवला आणि उभा राहिलो. कोणी हात दिला नाही, मी मागितलाही नाही.

बायको अजून पाटावरच होती. "अहो, पाय पार बधिर झाले," ती म्हणाली. "मले उठवा ना."

मी वाकलो, तिचा हात धरला आणि तिला ओढून उभं केलं.