मामाला न आलेला ताप

आमच्या तळवलीत माझ्या थोरल्या मामाइतका निरोगी माणूस झाला नाही, आणि त्याच्याइतका आजारीही दुसरा कोणी झाला नाही. भाताचं पोतं पाठीवर घेऊन तो खळ्यावरून घरी यायचा, ते उतरवायचा आणि लगेच पडवीतल्या खाटेवर आडवा होऊन मला म्हणायचा, "माजी नाडी बघ रं. हाय का?" नाडी असायची. त्याला ते पटायचं नाही. उशाशी सुंठ, बाम, काढ्याच्या बाटल्या आणि ठाण्याहून आणलेला थर्मामीटर. त्यातला पारा कधी वर चढला नाही, तेव्हा थर्मामीटर बिघडलाय असं ठरवून त्यानं दुसरा आणला. शेजारीपाजारी चौकशीला आले की मामी "आज गुडघा हाय" एवढंच सांगायची, घरात कालवण कसलं आहे ते सांगावं तसं.

अशात फ्ल्यूची मोठी साथ आली. ठाणे-बेलापूर रस्त्यावर तेव्हा नवे कारखाने उभे राहत होते आणि घाटावरून आलेली काही तरुण पोरं मामाच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहत होती. ती एका कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला होती. मी त्याच कारखान्यात टाइमकीपर, कायम नोकरीतला. मला ताप आला तेव्हा पगारी रजा मिळाली, डॉक्टर घरी येऊन तपासून गेले. पोरांना ताप आला तेव्हा ठेकेदाराचा निरोप आला, उद्या आला नाहीत तर जागा गेली.

सगळ्या गावाला ताप आला, फक्त मामाला आला नाही. हा त्याला अपमान वाटला. एक दिवस तो रुसून बसला. मग उठून मागच्या खोलीत गेला, तर पोरं उभी राहता येत नसताना डबे भरत होती. मामा हबकलाच. "अरं, येवरा बेस ताप आलाय आनि कामाला जाताव?" त्या खोलीला खिडकी नव्हती. त्यानं सगळ्यांना पडवीत आणून झोपवलं, आपली खाट सर्वांत लहान शंकरला दिली आणि स्वतः गोठ्यात गेला. पेज मामी करायची. कण्हायचं कसं, कूस कशी बदलायची, हे मामा शिकवायचा.

मग तो ठेकेदाराकडे गेला. मी सोबत होतो.

"ताप सगळ्यांनाच येतो, मामा," ठेकेदार म्हणाला. "काम कोण करणार? तुम्ही?"

मामानं वाकून त्याचे डोळे निरखले. "शेट, डोल्यांच्या मागं दुखतंय का तुमच्या?"

"थोडं दुखतंय. का?"

"आनि पाठ?"

"पाठ माझी नेहमीच दुखते."

"पोरांची पन पाठीपासूनच सुरुवात झाली," मामा हळहळून म्हणाला आणि पुढचं सगळं सविस्तर सांगायला बसला. दुपारी ठेकेदार घरी जाऊन झोपला. त्याला ताप नव्हताच, पण उठल्यावर त्यानं पोरांच्या जागा राखल्या. त्या दिवसांची मजुरी मात्र कोणाला मिळाली नाही. तेवढे दिवस पोरं मामाकडेच जेवली.

बाकीची उठली. शंकरची छाती भरली. मामानं रस्त्यावर आडवं उभं राहून एक ट्रक थांबवला आणि त्याला मांडीवर घेऊन इस्पितळात नेलं. तिथं खाटा भरलेल्या होत्या. शंकर व्हरांड्यातच वारला. त्याच्या आईला सांगायला मामा स्वतः एस.टी.नं गेला. तिथं काय बोलणं झालं ते त्यानं कधीच सांगितलं नाही. परत आल्यावर त्याला बरेच महिने काहीच दुखलं नाही, आणि मामी त्या काळजीत होती.

पुढं पोरांनी घणसोलीकडे बऱ्या खोल्या घेतल्या. सकाळच्या पाळीला ती सायकलींवरून गावाच्या फाट्यापुढून जायची. मामा तिथं जाऊन उभा राहायचा आणि लांबूनच ओरडायचा, "ताप हाय का रं कुनाला?"

"न्हाय, मामा!" सायकली न थांबवता पोरं ओरडायची.

"बरं," तो म्हणायचा, आणि धूळ खाली बसली तरी अजून कोणी मागून येतंय का, ते बघत थांबायचा.